प्रतिक्रियाकाळ मोजायला काय घ्यावं? (बजेट ३०० रुपये)

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे, शाळेच्या खो-खो संघात खेळते. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने विषय निवडलाय: खो-खो खेळणाऱ्या मुलींचा प्रतिक्रियाकाळ (खूण मिळाल्यापासून हलेपर्यंतचा वेळ) न खेळणाऱ्यांपेक्षा खरंच कमी असतो का? विषय तिचा, टंकन माझं. मोजायला काय घ्यावं? बजेट ३०० रुपये, त्यात तक्त्यांचे कागदही आले. घरात एक साधा अँड्रॉइड फोन आहे, लॅपटॉप नाही. आधी असा धागा येऊन गेला असेल तर लिंक द्या.

फ्रेमड्रॉप
फोनवर अजिबात मोजू नका. तिथल्या चाचणीत पडदा हिरवा झाला की बोट टेकवायचं असतं. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो, म्हणजे हिरवा रंग नक्की कधी उमटला याचीच खात्री नाही. वर बोट टेकलं हे फोनला कळण्यातही वेळ जातो. मी २४० हर्ट्झचा मॉनिटर घेतला, सोबत वायरवाला माऊस. त्या चाचणीतला माझा स्कोअर त्याच दिवशी सुधारला. अठराएक हजार गेले, पण पैसा वसूल.

निवांत काका
अहो, ताईंनी ३०० लिहिलंय! आणि त्याच दिवशी सुधारला तो मॉनिटरचा स्कोअर, तुमचा नव्हे.
ताई, ३० सेंमीची पट्टी आणा. मुलीने अंगठा आणि तर्जनी शून्याच्या खुणेशी उघडी धरायची, पट्टीला न टेकवता. दुसरीने न सांगता पट्टी सोडायची. जिथे पकडली ते सेंटीमीटर घ्या, ४९० ने भागा, वर्गमूळ काढा. १५ सेंमीला ०.१७५ सेकंद येतं, २० ला ०.२०, ३० ला ०.२५. आमच्या वेळी प्रयोगशाळेत हेच होतं आणि कुणाचं काही अडलं नाही.

तपकीरगल्ली
पट्टी प्रत्येक जण नेतो, परीक्षक कंटाळतात. आर्डुइनो घ्या (प्रोग्रॅम घालता येतो असा छोटा सर्किट बोर्ड). एलईडी, बटण, बझर, झालं. मिलिसेकंदात आकडा मिळतो. बुधवार पेठेत त्याची नक्कल, म्हणजे क्लोन, पाचशेच्या आसपास मिळेल, मूळ बोर्ड महाग पडतो. फक्त बटण उसळतं (एकदा दाबलं तरी दोन-चारदा दाबल्यासारखं दिसतं), म्हणून पहिलंच दाबणं मोजायचं. माझ्या भाच्याला बोर्ड दिला तर यूएसबीची केबल निघाली नुसती चार्जिंगची. दुकानदार म्हणतो, केबलला वॉरंटी नसते. दोन दिवस त्यात गेले.

कोयनाकाठ
दादा, पाचशे म्हणजे तक्ते सोडूनच बजेटच्या पुढे. आणि प्रोग्रॅम लिहिणार कोण?

तपकीरगल्ली
मी देतो ना लिहून.

सुमीची आई
म्हणजे प्रकल्प कोणाचा झाला? आमच्या तालुक्यात दर वर्षी हेच. बक्षीस पोराला आणि सोल्डरिंग बाबांचं.

एडिसनकर (न्यू जर्सी)
इथल्या सायन्स फेअरमध्ये माझ्या मुलाने प्रतिक्रियाकाळच घेतला होता. सकाळी, दुपारी, रात्री, जेवणाआधी, जेवणानंतर. पूर्ण डेटा, आलेख, पोस्टर. शाळेने हॉलमध्ये लावलंय अजून. उपकरण विचाराल तर आठवत नाही, चांगलं होतं.

बॅकस्टार्ट
धावपटूंचं उदाहरण तक्त्यावर टाका, पोरं थांबून वाचतात. बंदुकीनंतर ०.१०० सेकंदाच्या आत ज्याने ब्लॉकवर जोर दिला तो फाऊल. इतक्या लवकर ऐकून हलणं माणसाला जमत नाही, असं त्यामागचं गृहीतक. २०२२ च्या ओरेगॉनच्या जागतिक स्पर्धेत ११० मीटर अडथळ्यांच्या अंतिम फेरीत डेव्हन ॲलन ०.०९९ ला बाद झाला. एका मिलिसेकंदाने!

पैलवान
बोल्टची प्रतिक्रिया जगात सगळ्यात जलद, म्हणूनच तो जिंकायचा.

बॅकस्टार्ट
साफ चूक. बर्लिनला २००९ मध्ये १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावला तेव्हा त्याची प्रतिक्रिया ०.१४६ सेकंद होती आणि बीजिंगला २००८ मध्ये ०.१६५. त्याहून चपळ सुटणारे त्याच शर्यतींत होते. तो जिंकायचा पुढच्या मीटरांत.

पैलवान
तुम्ही धावलात का कधी? आम्ही गावच्या जत्रेत धावलोय.

पिंगळा
धागा रुळावर आणतो. उपकरणापेक्षा पद्धत मोलाची. सोडणारीने दर वेळी वेगळा वेळ थांबायचं, कधी दोन सेकंद, कधी सहा, नाहीतर पोरी लय पकडतात. सुरुवातीच्या काही खेपा सरावाच्या, त्या धरायच्या नाहीत. नंतर प्रत्येकीच्या वीसेक खेपा आणि त्यांचा मधला आकडा. सरासरी नको, कारण एकदा लक्ष उडालं की एकच मोठा आकडा सगळं ओढून नेतो. पाच सेंमीच्या आत पकडली तर ते ०.१० सेकंदाहून कमी, म्हणजे अंदाजाने मूठ मिटली.
दोन्ही गट एकाच वर्गातले, एकाच वेळी, त्याच हाताने. हात गार असले, झोप अपुरी झालेली असली, कुणी नुकतीच धावून आलेली असली तरी फरक पडतो. आवाजाला माणूस प्रकाशापेक्षा लवकर प्रतिसाद देतो, तेव्हा सोडणारीच्या बांगड्या वाजता कामा नयेत.
आणि फोन इतका टाकाऊ नाही. फोनचा उशीर साऱ्यांना जवळपास सारखाच बसतो. खरा आकडा चुकेल, पण दोन गटांतला फरक बराचसा टिकेल.

फ्रेमड्रॉप
जवळपास म्हणालात ना, तिथेच गोची आहे.

चहाबाज
कॉफी देऊन बघा, प्रतिक्रियाकाळ कमी होतो. आमच्या ऑफिसात चहा बंद केल्यापासून सगळेच मंद झालेत.

सुमीची आई
नववीच्या मुलींना कॉफी पाजून प्रयोग? शाळा दारात उभं करणार नाही.

पिंगळा
झोपेचा परिणाम बघायचा असेल तर झोपेच्या संशोधनातली दहा मिनिटांची चाचणी माहीत असू द्या. दोन ते दहा सेकंदांच्या अनियमित अंतराने खूण येते, बटण दाबायचं. ज्याची झोप झालेली नाही त्याचा सगळाच वेळ वाढतो असं नाही. मधूनमधून तो हरवतो आणि ५०० मिलिसेकंदांच्या वर जातो. अशा हरवलेल्या खेपा मोजतात. पण ताईंचा विषय तो नाही.

ग्रहणकाळ
अवांतर: या विषयाची सुरुवात एका माणसाची नोकरी जाऊन झाली, म्हणायला हरकत नाही. ग्रीनिचच्या वेधशाळेत १७९६ मध्ये तिथला प्रमुख मॅस्केलिनने आपला सहायक किनेब्रुक याला काढलं, कारण तारा दुर्बिणीतली तार ओलांडतो ती वेळ तो ०.८ सेकंद उशिरा नोंदवत होता. पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने अशा नोंदी ताडून पाहिल्या तेव्हा कळलं की दोन कसलेले निरीक्षकसुद्धा जुळत नाहीत. बिचारा किनेब्रुक.

कुलकर्णी_२२
प्रतिसाद वाचले नाहीत, पण ३० सेंमीची पट्टी घ्या, सोपं पडेल.

निवांत काका
+१ 😀

पिंगळा
ताई, एक राहिलं. खो-खोत नुसतं पटकन हलून भागत नाही, कुठे हलायचं ते ठरवावं लागतं. डच शास्त्रज्ञ डोंडर्सने १८६८ मध्ये हाच भेद मोजला: एकच खूण, एकच प्रतिसाद, तर वेळ कमी, दोनांतून निवडायचं, तर जास्त. डाव्या-उजव्या हातासमोर दोन पट्ट्या धरा, कुठलीही एक सोडा. फक्त पडणारी पकडायची. खेळाडूंचा फरक असलाच तर तिथे दिसण्याची शक्यता जास्त. खर्च वीस रुपये.

कोयनाकाठ
सगळ्यांचे आभार. सगळं मुलीला वाचून दाखवलं. तिने यातलं काहीच घेतलेलं नाही.
ती संघातल्या १२ मुलींना गोल बसवणार, डोळे मिटून, प्रत्येकीचा हात पुढचीच्या खांद्यावर. पहिली फोनचं घड्याळ सुरू करून खो देतात तशी थाप देणार, थाप फिरत पुन्हा तिच्यापाशी. अशा १० फेऱ्या, म्हणजे १२० थापा. घड्याळ दाबण्यात ०.२ सेकंद इकडेतिकडे झालं तरी एका थापेच्या वाट्याला २ मिलिसेकंदही येत नाहीत, हा हिशोब तिचाच. मग न खेळणाऱ्या १२ जणी. पट्टीवर मुली एकट्या पडतात आणि लाजतात, म्हणे. खर्च फक्त तक्त्यांचा.

पिंगळा
पण यात एकेकीचा आकडा मिळणार नाही. थाप द्यायचा वेळही आत धरला जाणार. आणि फेऱ्या सलग केल्या तर आपली पाळी कधी येते ते तिसऱ्या फेरीपर्यंत मुलींना कळेल. प्रत्येक फेरी वेगळी सुरू करा, मध्ये थांबून.

कोयनाकाठ
सांगितलं. ती म्हणते, मग घड्याळ दहादा दाबावं लागेल आणि चूक दहापट होईल. दोघांत काय ते ठरवा, मी मधे पडत नाही.

ग्रहणकाळ
चालू द्या तिचंच. खांद्याऐवजी घोट्यावर थाप देऊन परत मोजायला सांगा. संदेशाला घोट्यापासून मेंदूपर्यंत लांबून यावं लागतं, वेळ वाढतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५० मध्ये बेडकाच्या नसेतला वेग मोजला होता, साधारण २७ मीटर दर सेकंदाला. इथे बेडूकही नको.

तपकीरगल्ली
प्रोग्रॅम लिहून ठेवलाय. पुढच्या वर्षीसाठी ठेवा.

फ्रेमड्रॉप
कुणाला १४४ हर्ट्झचा मॉनिटर हवाय का? माझा जुना पडून आहे, किंमत व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून).

संपादक
खरेदी-विक्रीसाठी वेगळा विभाग आहे.