विषय: फ्युशियाचं प्रदर्शन ऑगस्टमध्ये, मग आत्तापासून घाई कसली?

प्रेषक: बागकाम गट, समन्वयक

मंडळी, नमस्कार.

आपल्या भागातल्या फ्युशिया सोसायटीची (फ्युशिया म्हणजे घंटेसारखी लोंबती फुलं येणारं शोभेचं झुडूप) वर्षाची कार्यक्रमपत्रिका आली आहे. प्रदर्शन ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी. त्याआधी मे महिन्यात रोपांची विक्री, जूनमध्ये सभासदांच्या बागा पाहण्याचा एक दिवस. ऑक्टोबरमध्ये झाडं थंडीत कशी जगवायची यावर एक संध्याकाळ आणि नोव्हेंबरात वार्षिक सभा (तिथे चहा मिळतो आणि वाद होतात, म्हणजे आपल्याला घरच्यासारखंच वाटेल). पुढच्या मंगळवारी कलमं करण्याचं प्रात्यक्षिक आहे. मंगळवारी कोण कोण येतंय?

गेल्या वर्षी प्रदर्शन बघायला आपले बरेच जण होते, मंगळवारच्या प्रात्यक्षिकाला मात्र एकही नव्हता. यंदा प्रदर्शनातल्या स्पर्धेत, नवशिक्यांच्या वर्गात, आपल्यापैकी कुणी कुंडी ठेवावी असं त्यांच्या सेक्रेटरीबाईंनी आवर्जून सांगितलंय.

प्रेषक: बाल्कनीवाली (नवी सभासद)

ताई, मी येईन, पण एक शंका. प्रदर्शन ऑगस्टमध्ये आहे, तर जुलैत नर्सरीतून छान फुललेलं झाड आणून ठेवलं तर चालत नाही का? माझ्याकडे सध्या एक 'स्विंगटाइम' जातीचं फ्युशिया आहे आणि एक लाल-जांभळं, त्याची चिठ्ठी हरवली. दोन्ही नुसती वाढतायत. कळ्या कधी येणार त्यांची त्यांनाच माहीत.

प्रेषक: ग्रीनहाउसवाले काका

बाल्कनीवाली, कळ्या कधी येणार हे झाडाला नाही, तुलाच माहीत असायला हवं! सगळी गंमत तिथेच आहे. विकत आणलेल्या झाडाचं म्हणशील, तर ते ठरावीक काळ तुझ्याच हाताखाली वाढलेलं असावं अशी अट नियमांत असते. पण अट नसती तरी मजा काय?

फ्युशियावाले कॅलेंडर उलटं वाचतात. प्रदर्शनाचा दिवस धरायचा आणि मागे मोजत यायचं. झुडूप भरगच्च व्हावं म्हणून शेंडे खुडत राहायचं, आणि ते थांबवलं की मग बहर येतो. शेवटचा शेंडा खुडल्यापासून एकेरी फुलांच्या जातीला बहरायला साधारण ८ आठवडे लागतात, दुहेरीला १० आणि 'थालिया'सारख्या लांब नळीच्या ट्रिफिला जातींना १२ किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे दुसरा शनिवार धरला तर ट्रिफिलाचं खुडणं मेच्या मध्यावर बंद, तुझ्या 'स्विंगटाइम'चं (ती दुहेरी आहे) जूनच्या सुरुवातीला आणि एकेरीचं जूनच्या मध्यावर. उन्हाळा ढगाळ आणि गार गेला तर सगळं आठवडाभर पुढे सरकतं. म्हणून जाणती मंडळी एकाच जातीच्या दोन-तीन कुंड्या ठेवतात आणि चार-चार दिवसांच्या फरकाने खुडतात.

खुडायचं कसं? पानांच्या दोन-तीन जोड्या झाल्या की टोकाचा इवलासा कोंब नखाने काढायचा. प्रत्येक पानाच्या बगलेतून नवी फांदी फुटते. ती तेवढी वाढली की तिचाही शेंडा खुडायचा. कुंडी दर दोन-तीन दिवसांनी थोडी फिरवायची, नाहीतर झाड उजेडाकडे मान टाकतं आणि परीक्षकांना पाठमोरं दिसतं. मंगळवारी कलमं निवडताना एक बघ: काही शेंड्यांवर पानं दोन-दोन नसून तीन-तीनच्या वेढ्यात येतात. ते कलम आधी पकड. दोनाऐवजी तीन फांद्या मिळतात आणि झुडूप भरगच्च होतं. तिथले म्हातारे त्यावर टपलेले असतात, तेव्हा लवकर जा.

बिनचिठ्ठीचं झाड कुठल्या वर्गात ठेवायचं हेही फुलावरून ठरव. वरची चार लांब दळं सोडून दे, आतल्या घागऱ्याच्या पाकळ्या मोज. चार असतील तर एकेरी, आठ किंवा जास्त तर दुहेरी, मधलं सगळं अर्धदुहेरी. एकेरीच्या वर्गातल्या झाडावर पाच पाकळ्यांचं एखादं फूल निघालं तर कार्डावर 'एनएएस' लिहून येतं. म्हणजे 'नॉट अकॉर्डिंग टू शेड्यूल', त्या वर्गाच्या नियमाबरहुकूम नाही, बाद. मी तिथे परीक्षकांमागे वही घेऊन फिरतो. उत्तमोत्तम झाडं अशी एका पाकळीपायी बाहेर गेलेली पाहिली आहेत.

प्रेषक: नुसता प्रेक्षक

काका, तुम्ही लिहिलंत आणि माझा उत्साह मावळला. फूल मोजून बाद करायचं? हे फुलांचं प्रदर्शन आहे की ऑडिट? मला आपलं टोपलीतून ओघळणारं झाड बघायला आवडतं.

प्रेषक: ग्रीनहाउसवाले काका

टोपल्यांचाही वर्ग आहे, खुशाल बघा. ऑडिट म्हणाल तर हो, आहेच. खोडावर छत्रीसारखं वाढवलेलं स्टँडर्ड झाड असेल तर मातीपासून पहिल्या फांदीपर्यंत पट्टी लावतात: १८ ते ३० इंच म्हणजे हाफ स्टँडर्ड, ३० ते ४२ म्हणजे फुल स्टँडर्ड. पण नियम आहेत म्हणूनच वर्षभर काम निघतं आणि कामाच्या निमित्ताने माणसं भेटतात. ब्रिटिश फ्युशिया सोसायटी १९३८ पासून आहे, अमेरिकेतली १९२९ पासून. नुसत्या बघ्यांच्या जिवावर एवढी वर्षं निघाली नसती. (रागावू नका!)

प्रेषक: खजिनदार

सर्वांना नमस्कार. माझी बहीण जूनमध्ये कॅलिफोर्नियाहून येतेय. तिच्याकडे फ्युशियाच्या फार सुंदर जाती आहेत. दहा-बारा कलमं ओल्या कागदात गुंडाळून आणायला सांगू का? सगळ्यांना वाटता येतील.

प्रेषक: ग्रीनहाउसवाले काका

नको! कृपा करून नको. फ्युशियाचा गॉल माइट नावाचा कोळी आहे, पाव मिलिमीटरही नसेल, डोळ्यांना दिसत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो ब्राझीलमध्ये सापडला, १९८१ मध्ये कॅलिफोर्नियात पोचला आणि तिथल्या कित्येक बागा त्याने उद्ध्वस्त केल्या. ब्रिटनमध्ये २००७ मध्ये आढळला. कोवळे शेंडे सुजतात, लालसर गाठी धरतात, फूल ओळखू येत नाही. असा शेंडा दिसला तर खूप खाली कापून पिशवीत बांधून फेकायचा, खताच्या ढिगात अजिबात नाही. मधमाश्यांच्या अंगावरून तो पुढच्या बागेत जातो, म्हणजे आपल्या घरापुरता प्रश्न राहत नाही. शिवाय परदेशातून रोपं आणायला रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. बहिणीला सांगा, फोटो आणा.

प्रेषक: खजिनदार

बरं झालं विचारलं. बहिणीला कळवते.

प्रेषक: बागकाम गट, समन्वयक

तर ठरलं असं: मंडळाच्या नावाने एकत्र काही ठेवायचं नाही, ज्याने त्याने आपापली एक छोटी कुंडी. मंगळवारी कलमं घेऊ आणि खुडण्याच्या तारखा मी या यादीवर वेळच्या वेळी पाठवत जाईन. प्रदर्शनाच्या सकाळी झाडांची साफसफाई तिथेच पोचून करायची: पिवळी पानं, गळालेली फुलं आणि फुलांमागे राहिलेली हिरवी फळं काढायची. चिमटा आणि मऊ ब्रश मी आणते. पाणी आदल्या रात्री घाला, सकाळी नको.

आता गाड्यांचं बघू. भरलेल्या कुंड्या एकमेकींना टेकवून चालत नाही, तेव्हा कुणाच्या गाडीत किती कुंड्या मावतील आणि मग माणसं किती उरतील, तेवढं कळवा.