१२० क्रेडिट म्हणजे पदवी अपुरी नव्हे
‘तीन वर्षांची बीएस्सी युरोपात चालतच नाही’ असं पुढच्या शिक्षणासाठी तिकडे जाऊ पाहणाऱ्या मुलांना सांगितलं जातं, ते सरसकट खरं नाही. पदव्यांची रचना एकसारखी करण्यासाठी युरोपीय देशांनी केलेल्या १९९९च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर तिथेही कितीतरी पदव्या तीनच वर्षांच्या, १८० क्रेडिटच्या आहेत (क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं एकक). अडतं ते मोजमापात. तिकडे वर्षाला ६० क्रेडिट, आपल्याकडे साधारण ४०. त्यामुळे सोलापूर विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवरचे १२० त्यांना अपुरे वाटू शकतात. पण त्यांचं एक क्रेडिट घरच्या अभ्यासासकट २५ ते ३० तासांचं. आपलं मुख्यतः वर्गातल्या तासांवर बेतलेलं. म्हणजे नुसते आकडे ताडून चालत नाही. माझ्या भाचीने म्हणूनच विषयवार अभ्यासक्रम, तासिका, प्रात्यक्षिकं कॉलेजच्या सही-शिक्क्यानिशी घेऊन अर्जाला जोडली. आपल्या पोरांनी हे कागद शेवटच्या सेमिस्टरलाच मागून ठेवावेत. निकालानंतर फार खेटे घालावे लागतात.