काजू फेणीची भाटी आणि बाटलीभरणी: परवान्यांचा क्रम कसा लावावा?

मदत हवी आहे. गोव्यातील सत्तरी तालुक्यात तांब्याच्या भांड्याची छोटी भाटी (दारू गाळण्याची भट्टी) लावायची आहे. हुर्राकात, म्हणजे पहिल्या गाळपाच्या दारूत, काजूबोंडांचा आंबलेला रस मिसळून पुन्हा गाळलेली फेणी स्वतःच्या लेबलाने विकायची आहे. गाळप, बाटलीभरणी आणि लेबलनोंदणी यांची अबकारी मंजुरी वेगवेगळी, हे ठाऊक आहे. घोळ क्रमाचा आहे. भाटी बागायतीत चालते, पण बाटलीभरणीच्या शेडला जमिनीची सनद (बिगरशेती वापराची परवानगी) आधी की पंचायतीचा ना हरकत दाखला?

दुसरे, 2009 च्या भौगोलिक मानांकनात 42.8 टक्के मद्यार्क धरला आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद न करता लेबलवर ‘फेणी’ छापले तर अडचण येते का? मिथेनॉल आणि तांब्याचा अंश कुठे तपासून घेता? भाटीतल्या उरलेल्या आंबट पाण्यासाठी प्रदूषण मंडळ छोट्यांकडूनही संमती मागते का?