दुकान उघडं आहे, मग मेडिकल कार्ड कशाला? (न्यू जर्सी)

निशिगंध:
परवा एडिसनला एका डोहाळजेवणाला गेले होते, भांडी आवरता आवरता माझ्या पायांचा विषय निघाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तीन वर्षांपूर्वी माझी केमो झाली, गाठ गेली पण तळपायांची आग मागे राहिली. रात्री नुसतं पांघरूण टेकलं तरी निखाऱ्यावर पाय पडल्यासारखं होतं. गोळ्यांनी दिवसभर पेंग यायची, गाडी चालवायची भीती वाटायला लागली, शेवटी मी मेडिकल कॅनाबिसचं, म्हणजे औषध म्हणून मिळणाऱ्या गांजाचं, कार्ड काढलं. तर एक मैत्रीण म्हणते कशी, अगं आता हायवेवर पाट्या लावून दुकानं आहेत, एकवीस पूर्ण झालेला कोणीही आयडी दाखवून घेऊन येतो, तुला ही कार्डाची नाटकं हवीत कशाला?

म्हणून हा धागा. माझं म्हणणं असं की ज्याला हे औषध म्हणून घ्यायचंय त्याला कार्ड हवंच. जर्सीत मेडिकलचा कायदा 2010 चा, आणि सगळ्यांसाठी विक्री सुरू झाली 21 एप्रिल 2022 ला. त्याच वर्षीच्या जुलैपासून पेशंटला राज्याचा 6.625 टक्के सेल्स टॅक्स पूर्ण माफ आहे. बाकीच्यांना एका वेळी एक औंस (साधारण 28 ग्रॅम), पेशंटला 30 दिवसांत तीन औंसांपर्यंत. कार्ड दोन वर्षं चालतं, आणि डिजिटल कार्डाला आता राज्य पैसेच घेत नाही, आधी चांगले शेकड्यात घ्यायचे.

पण मला खरा फायदा झाला तो वेगळाच. पहिल्यांदा गेले तेव्हा खिडकीवरच्या मुलीनं (यांना बडटेंडर म्हणतात, मला अजून हसू येतं) माझी औषधांची यादी मागितली, काय काय घेता, रात्री किती वाजता झोपता, सगळं विचारलं आणि म्हणाली पाच मिग्रॅची गमी (गांजा घातलेली चघळायची गोळी) आहे पण तुम्ही अर्धीच घ्या, आणि दोन तास काही झालं नाही तरी दुसरी तोंडात टाकू नका. तिकडे साध्या लायनीत पोरं कुठली वस्तू जास्त 'चढते' ते विचारत होती. त्या लायनीत मी माझे पाय कोणाला सांगू?

बे_एरियाकर:
ताई, पायांचं वाचून वाईट वाटलं. पण हिशोब करू या का? समजा महिन्याला 150 डॉलरचा माल, 6.625 टक्क्यांनी झाले साधारण 10 डॉलर. बारा दाहे एकशेवीस. आता कार्डासाठी डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं त्याची फी सांगा.

निशिगंध:
वर्षाला 120 😐

बे_एरियाकर:
हाहाहा. आवळा देऊन कोहळा काढतात हे ऐकलं होतं, तुम्ही आवळा देऊन आवळाच आणला!

आमच्याकडे कॅलिफोर्नियात तर अजून गंमत. 1996 साली मेडिकल आणणारं पहिलं राज्य आमचंच, पण 2018 ला सगळ्यांना दुकानं खुली झाल्यापासून कार्डाला कोण विचारत नाही. सेल्स टॅक्स माफ व्हायला नुसतं डॉक्टरचं पत्र चालत नाही, काउंटीचं ओळखपत्र वेगळं काढावं लागतं, त्याची फी 100 डॉलरपर्यंत. आणि एवढं करून एक्साइज टॅक्स भरायचाच, तो माफ नाही. माझ्या ओळखीत एकानेही रिन्यू केलेलं नाही. तुमच्याकडेही पेशंटचा आकडा घसरलाय ना? लोक वेडे आहेत का?

दुसरं म्हणजे ती सल्ला देणारी मुलगी. ती फार्मासिस्ट आहे का? नाही. दुकानातली पगारी विक्रेती आहे. तुमचं नशीब की चांगली भेटली.

वाऱ्याचं_शहर:
सगळं राज्यावर अवलंबून आहे हो. आमच्या इलिनॉयमध्ये साध्या गिऱ्हाइकाला खाण्याच्या वस्तूंवर 20 टक्के, 35 टक्क्यांवर टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) असलेल्या मालाला 25 टक्के, वर पुन्हा सेल्स टॅक्स, शहराचा, काउंटीचा. पेशंटला 1 टक्का. आणि पेशंटला घरात पाच झाडं लावता येतात, बाकीच्यांनी एक लावलं तरी दंड. वॉशिंग्टन स्टेटला एक्साइजच 37 टक्के, तिथे 2024 पासून नोंदणी केलेल्या पेशंटला मेडिकलचा शिक्का असलेल्या मालावर तोही माफ झालाय. तिथे कार्ड नाही काढलं तर मूर्खपणा. जर्सीत मात्र पेशंटलासुद्धा घरात रोप लावायला बंदी आहे, हे ऐकून मी थक्क झालो होतो. टोमॅटो, कढीपत्ता लावा आणि गप्प बसा.

गोदाकाठ:
तेच्यायला, इथे पोरांच्या खिशात पुडी सापडली की बाप तोंड लपवत फिरतो आणि तुम्ही तिकडे टक्केवारी काढताय 😄 गांजाला कॅनाबिस म्हटलं की औषध का?

निशिगंध:
@गोदाकाठ, अफूपासून मॉर्फिन होतं, तेही औषधच आहे. ऑपरेशननंतर दिलं तर नको म्हणाल का?

गोदाकाठ:
मॉर्फिन डॉक्टर लिहून देतो, डोस ठरलेला असतो, केमिस्टकडे मिळतं. तुमच्या गमीचं तसं आहे का सांगा. बाय द वे इकडे येताना बॅगेत विसरून आणू नका कोणी, भारतातला 1985 चा एनडीपीएस (अमली पदार्थांचा) कायदा तुमचं जर्सीचं कार्ड वाचत बसत नाही. आमच्या गल्लीतला एक जण सोबत गांजाचं व्हेप (वाफ ओढायची नळी) घेऊन उतरला होता मुंबईला, पुढचं सांगत नाही.

मात्रा_आणि_वळसा:
मी बॉस्टनजवळ डॉक्टर आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंचं बोलणार, शिव्या खायची तयारी आहे.

गोदाकाठ म्हणतात ते एका अर्थी बरोबर. केंद्राच्या कायद्यामुळे अमेरिकेतला कुठलाच डॉक्टर गांजा 'प्रिस्क्राइब' करत नाही. आम्ही फक्त सर्टिफाय करतो की याला अमुक आजार आहे, बस. किती, कोणता, केव्हा हे दुकानात ठरतं. म्हणून सर्टिफिकेट म्हणजे प्रिस्क्रिप्शन असं समजू नका, हा गैरसमज फार आहे. आणि पाच मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर 'दुखतं का? हो. कुठे? पाठीत. बरं, कार्ड घ्या' असली दुकानदारी चालते ती आम्हाला दिसत नाही असं नाही.

पुरावा विचाराल तर 2017 मध्ये इथल्या नॅशनल अकॅडमीज या शास्त्रज्ञांच्या संस्थेनं सगळा अभ्यास चाळून सांगितलं की मोठ्या माणसांचं जुनाट दुखणं, केमोची मळमळ, मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातला स्नायूंचा ताठरपणा, इथे उपयोग दिसतो. ताईंची केस त्यात बसते. पण 2022 चा मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा एक प्रयोग वाचा, तो तर खास कार्डावरच आहे. 186 माणसं, काहींना कार्ड लगेच काढू दिलं, काहींना तीन महिने थांबवलं. दुखणं, चिंता, नैराश्य यासाठी आलेले लोक, झोप न येणारे. लगेच कार्ड मिळालेल्यांचं दुखणं कमी झालं नाही, नैराश्य नाही, चिंता नाही, झोप थोडी सुधारली असं ते म्हणाले, आणि व्यसनाची लक्षणं मात्र त्यांच्यात जास्त दिसली. म्हणजे खिशात कार्ड आलं की माणूस 'मी औषध घेतोय' म्हणत रोज घ्यायला लागतो.

तरीही मी माझ्या पेशंटना कार्ड काढाच सांगतो! कारण एकच. कार्ड काढलं की ते माझ्या फाइलवर येतं. रक्त पातळ करायची वॉरफरिन घेणारे एक आजोबा दुकानातून सीबीडीचं (गांजातला नशा न आणणारा घटक) तेल आणून जिभेखाली टाकत होते, कोणाला बोलले नाहीत, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा) कुठल्या कुठे गेला. सीबीडीनं वॉरफरिन अंगात साठतं. दुकानात कोण विचारणार होतं? आणि हो, आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये सगळे टॅक्स धरून 20 टक्क्यांपर्यंत जातं, पेशंटला शून्य, तेव्हा बे एरियाकरांचा आवळा इथे कोहळाच आहे.

बे_एरियाकर:
म्हणजे डॉक्टर, आजोबांनी तुम्हाला नुसतं सांगितलं असतं तरी काम झालं असतं. कार्ड नव्हे, तोंड उघडायला हवं.

मात्रा_आणि_वळसा:
मराठी आजोबा. डॉक्टरसमोर. गांजाबद्दल. तोंड उघडणार. बरं.

बाबा_पार्सिपनी:
माझा मुद्दा साधा आहे. मुलगा 19 चा, क्रोन्स आहे, आतड्याचा आजार. दुकान कितीही उघडं असो, एकवीसच्या आत त्याला कोणी दारातून आत घेत नाही. कार्ड नसतं तर काय, कॉलेजात कोणाकडून तरी घेतलं असतं, त्यात काय मिसळलंय देव जाणे. आता रजिस्टरवर आहे, आणि परीक्षेच्या दिवसांत केअरगिव्हर म्हणून मी जाऊन आणतो. पहिल्यांदा त्या रांगेत उभा राहिलो तेव्हा ऑफिसातलं कोणी बघेल म्हणून टोपी खाली ओढली होती, आता नाही ओढत.

जर्सीच्या कायद्याला 2019 पासून ज्या पोराचं नाव आहे तो जेक होनिग सात वर्षांचा होता, मेंदूचा कॅन्सर. तेव्हाच्या महिन्याला दोन औंसांच्या मर्यादेत त्याचं तेल पुरायचं नाही. त्याच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला म्हणून ती तीन औंस झाली, आणि शेवटच्या अवस्थेतल्या पेशंटला तर मर्यादाच उठली. टॅक्सचे दहा डॉलर मोजणाऱ्यांनी हेही मोजावं.

बे_एरियाकर:
मुलांच्या बाबतीत शब्द मागे. पण मोठ्या माणसांचं अजून कोणी पटवलं नाही मला. इन्शुरन्स एक छदाम देत नाही कार्ड असलं तरी.

निशिगंध:
हेल्थ इन्शुरन्स नाही देत, खरंय. पण कामावर इजा झालेल्याचं वेगळं. 2021 मध्ये जर्सीच्या सुप्रीम कोर्टानं एका बांधकाम कामगाराच्या केसमध्ये निकाल दिलाय, अंगावर काँक्रीट पडून पाठ गेलेली, ओपिऑइडच्या (अफूच्या जातीच्या वेदनाशामक) गोळ्यांतून बाहेर पडायला त्यानं हे सुरू केलं, तर कोर्ट म्हणालं मालकानं त्याचा खर्च भरून द्यायचा. हे तो मेडिकल प्रोग्रॅममध्ये होता म्हणून. साध्या दुकानाची पावती घेऊन गेला असता तर कोणी उभं केलं असतं?

एच_वन_वाला:
सगळं वाचलं आणि एका माणसानेही मूळ प्रश्न विचारलेला नाही. सिटिझन आहात का?

यूएससीआयएसनं (केंद्राचं इमिग्रेशन खातं) 19 एप्रिल 2019 ला स्पष्ट लिहून ठेवलंय की राज्यात कायदेशीर असलं तरी केंद्राच्या कायद्यात गांजा गुन्हाच आहे, आणि त्यावरून नागरिकत्वाचा अर्ज 'गुड मॉरल कॅरेक्टर' (चांगली वर्तणूक) नाही म्हणून नाकारता येतो. शिक्षा झालेली असायला लागत नाही, स्वतःच्या तोंडानं कबूल केलं तरी पुरतं. ग्रीन कार्डाच्या मेडिकलमध्ये डॉक्टर ड्रग्जचं विचारतो. मुंबईत व्हिसा स्टॅम्पिंगला ऑफिसरनं विचारलं तर? इथे निम्मे लोक एच वन आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत पंधरा पंधरा वर्षं उभे आहेत आणि तुम्ही त्यांना सांगताय सरकारी रजिस्टरवर जाऊन स्वतःचं नाव लिहून या. कमाल आहे.

निशिगंध:
ते रजिस्टर राज्याचं आहे आणि कायद्यानं गोपनीय आहे, केंद्राला यादी जात नाही. आणि आयडी तर साध्या दुकानातही दाखवावाच लागतो.

एच_वन_वाला:
ताई, यादी जायची गरजच नाही. शपथ घेऊन समोर बसल्यावर विचारलं तर खोटं बोलणार का? खोटं बोललात तर ते मूळ प्रकरणापेक्षा वाईट. माझं म्हणणं कार्ड विरुद्ध दुकान असं नाहीच, सिटिझन नसाल तर दोन्हीकडे पाऊल टाकू नका, वकिलाला विचारल्याशिवाय तर नाहीच नाही. तुमच्यासारख्या सिटिझन बायका 'मला बरं वाटतं, तुम्हीही घ्या' म्हणून सांगत फिरतात आणि ऐकणारी बाई असते ग्रीन कार्डवाली, त्याची भीती वाटते.

निशिगंध:
...हे मी लिहायला हवं होतं. मी 2011 ला सिटिझन झाले म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही. मूळ पोस्टमध्ये 'ज्याला औषध म्हणून घ्यायचंय त्याला हवंच' लिहिलंय, ते 'सिटिझन असाल तर' असं वाचा सगळ्यांनी. एडिटचं बटण गेलंय.

अळूवडी:
मी नुसती वाचक, पण आता विचारतेच. सासूबाईंना गुडघ्यांचा भयंकर त्रास, ग्रीन कार्डवर आहेत, पुढच्या वर्षी सिटिझनशिपचा अर्ज भरायचाय. मागच्या महिन्यात नणंदेनं तिच्या फ्रीजमधली अर्धी गमी दिली त्यांना 'आयुर्वेदिक आहे' सांगून. त्या मस्त झोपल्या आणि आता रोज विचारतात ती गोळी कुठाय.

एच_वन_वाला:
🤦 वकील. आजच. आणि नणंदेचा फ्रीज कुलपात.

मात्रा_आणि_वळसा:
आणि न सांगता कोणाला देऊ नका हो, म्हाताऱ्या माणसाला रात्री उठताना चक्कर आली तर खुबा मोडतो. गुडघ्यांसाठी ऑर्थोला दाखवा, फिजिओ आहे, इंजेक्शन आहे. सासूबाईंना खरं काय ते सांगून टाका आधी.

गोदाकाठ:
सांगताना रेकॉर्ड करा, आम्हाला ऐकायचंय 😄

बे_एरियाकर:
माझा स्कोअर असा: मुलगा, हो. बॉस्टन आणि वॉशिंग्टन, हो. ग्रीन कार्डवाले, कार्डही नाही आणि दुकानही नाही. निशिगंध ताई, आवळ्याला आवळा. तुम्ही रिन्यू करणार का पण?

निशिगंध:
करणार. सोमवारी सर्टिफिकेटवाल्या डॉक्टरांशी कॉल आहे. दुकानात पेशंटला 15 टक्के सूट असते ती तुमच्या हिशोबात धरलीच नव्हती, तेव्हा कोहळ्याची एक फोड तरी माझी. आणि नसती तरी 120 डॉलर भरले असते, कारण वर्षातून एकदा का होईना कोणीतरी मला विचारतं की पाय कसे आहेत, डोस वाढवलाय का, कशासोबत घेताय. माझ्या मोठ्या हॉस्पिटलात तेवढं विचारायलाही आता कोणी नाही, केमो संपली की फाइल बंद.

अळूवडी:
थँक्यू सगळ्यांना. नवऱ्याला धागा पाठवलाय, सासूबाईंना रविवारी सांगतोय. निशिगंध ताई एकच शंका, ती गमी अर्धी कशी करता? नणंद दातानं तोडत होती.

निशिगंध:
ई! पातळ सुरी घ्यायची आणि पात्याला तुपाचं बोट लावायचं, वड्या पाडताना लावतो तसं, नाहीतर चिकटून ओढली जाते आणि एक भाग मोठा होतो. आणि अख्खी गमी सारखीच मुरलेली असते असं नाही, त्यामुळे आता मी अडीच मिग्रॅचीच मागते. पण तुम्हाला कशाला हवंय हे? 🤨