थ्री नॉट थ्रीचं ग्रुपिंग (टार्गेटवर गोळ्यांचा पडणारा पुंजका) नळी तापली की वर सरकतं. लाकूड न कापता काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. माझ्याकडे ली-एनफिल्ड नंबर ४, मार्क १ स्टार ही जुनी लष्करी रायफल आहे. आपल्याकडे ज्या घराण्याला सरसकट 'थ्री नॉट थ्री' म्हणतात, त्यातलीच. पोलिसांच्या खांद्यावर आपण लहानपणापासून पाहिली ती बहुतेक आधीची मार्क ३. भारतात हे बोअर सामान्य माणसाला परवान्यावर मिळत नाही, त्यामुळे तिथल्या वाचकांसाठी हा धागा फक्त माहितीपुरता. इथे ती माझ्याकडे रीतसर आहे आणि क्लबच्या रेंजवरच चालवतो.

रायफल दुसऱ्या महायुद्धात सॅव्हेज कंपनीने मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी फॉल्सच्या कारखान्यात ब्रिटिशांसाठी बनवलेली. डाव्या बाजूला 'यू एस प्रॉपर्टी' कोरलंय, आणि नळीत गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा पाचऐवजी दोनच. मागची साइट साधी, ३०० आणि ६०० यार्डांची, उलटवायची.

अडचण अशी. १०० यार्डांवर, वाळूच्या पिशवीवर टेकवून, थंड नळीतून पहिल्या तीन गोळ्या दोन इंचांच्या आत बसतात. पुढे प्रत्येक गोळी वर वर चढत जाते आणि दहाव्या गोळीपर्यंत पाचेक इंच वर पोचते. डावी-उजवीकडे जवळजवळ काहीच फरक नाही, सगळा पसारा उभा. नळी पूर्ण थंड होऊ दिली की पुन्हा खाली, जिथून सुरू झालं तिथेच.

आतापर्यंत एवढं झालंय: नळीतलं जुनं तांबं काढलं, हेडस्पेस (बोल्ट बंद असताना काडतुसामागे राहणारी जागा) गन्समिथकडून तपासून घेतला (ठीक आहे), काडतुसं कारखान्याची नवीन, १७४ ग्रेन वजनाच्या गोळीची. आणखी एक गोष्ट, तिचा संबंध आहे की नाही माहीत नाही: हिवाळ्यात घरात हीटर सुरू झाल्यापासून चापाचा पहिला दाब (दोन टप्प्यांच्या ओढीतला पहिला) पूर्वीपेक्षा फारच कमी लागतो.

मला इथल्या, ओहायोतल्या कॅम्प पेरी रेंजला जुन्या लष्करी रायफलींच्या स्पर्धेत उतरायचं आहे. तिथे रायफल मूळ रूपातच लागते. म्हणून दुर्बीण नको, लाकडात इपॉक्सी ओतायचं नाही, आणि नळी मोकळी करण्यासाठी पुढचं लाकूड तासायचं तर मुळीच नाही. ऐंशी वर्षं टिकलेली वस्तू माझ्या हातून बिघडू नये. पण २०० यार्डांच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ सात इंचांचं असतं आणि माझी रायफल तेवढ्या अंतरावर दहा इंच चढेल. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १

टोरंटोहून लिहितोय. माझी नंबर ४ इथल्याच लाँग ब्रँचची, पण लाकडाचं गणित दोन्हींचं सारखंच.

तुमच्या चापाने उत्तर जवळजवळ दिलंच आहे. मार्क १ आणि मार्क १ स्टारमध्ये चाप ट्रिगर गार्डवर अडकवलेला असतो आणि गार्ड लाकडाच्या आधाराने बसतो. सीअर (झाडणारी पिन रोखून धरणारी कळ) मात्र बॉडीवर, म्हणजे रायफलीच्या पोलादी मुख्य भागावर. लाकूड सुकून आक्रसलं की दोघांमधलं अंतर बदलतं आणि पहिला दाब बिघडतो. युद्धानंतरच्या मार्क २ मध्ये चाप थेट बॉडीला लावला तो याच त्रासामुळे. तेव्हा तुमचं पुढचं लाकूड आक्रसलंय, हे मी धरून चालतो. पहिला दाब पार नाहीसा झाला असेल तर गन्समिथला दाखवेपर्यंत रायफल भरू नका, सीअर अर्धवट पकडत असेल तर ते धोक्याचं आहे.

आता ग्रुपिंग. या रायफलीत नळी लाकडाला दोनच ठिकाणी टेकायला हवी: मागे चेंबरजवळच्या जाड भागाखाली आणि पुढे लाकडाच्या टोकाशी. मधे सगळीकडे मोकळी. पुढच्या टोकाशी लाकूड नळीला खालून साधारण ३ ते ७ पौंडांनी वर ढकलत असतं. हा दाब प्रमाणाबाहेर गेला, किंवा मधेच कुठे नळी लाकडाला घासत असेल, तर तापून लांबणारी नळी दर गोळीला वेगळी वाकते. उभी ओळ पडते ती त्यामुळे. नळी झिजलेली असती तर पहिल्या तीन गोळ्याही विखुरल्या असत्या.

रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहा आणि कागदाची पट्टी घ्या. वरची दोन्ही लाकडी झाकणं काढून ती नळीखालून टोकापासून मागे सरकवत न्या. अडकते तिथे लाकडावर चकाकी आलेली दिसेल. मग टोकाशी पट्टी ठेवून नळीला स्प्रिंगचा काटा अडकवा आणि वर ओढा. पट्टी सुटते त्या क्षणी काटा दाखवतो तो तुमचा दाब. झाकणंही नळीला आतून टेकता कामा नयेत, हे बरेच जण बघतच नाहीत.

सगळ्यात महत्त्वाची जागा मात्र मागे आहे. धक्का झेलणारे लाकडाचे दोन खांदे बॉडीच्या मागच्या भागाला घट्ट भिडलेले हवेत. ते दबले असतील तर दर गोळीला अख्खं लाकूड मागेपुढे हलतं आणि पुढच्या टोकाचं सगळं मोजमाप फुकट जातं. गार्डचा पुढचा मोठा स्क्रू सैल करून लाकूड हाताने मागेपुढे हलवून बघा. हलत असेल तर आधी ते दुरुस्त करा, मगच टोकाकडे जा.

प्रतिसाद २

मी पोलीस दलातला निवृत्त आर्मोरर. आमच्या कोतमध्ये (शस्त्रागारात) मार्क ३ होत्या, पण वरच्या साहेबांनी खांद्यांबद्दल लिहिलंय ते शंभर टक्के खरं.

भर घालतो. मोठ्या स्क्रूभोवती आत एक पोलादी कॉलर असते. लाकूड आक्रसलं की स्क्रू त्या कॉलरवर थांबतो, हाताला घट्ट लागतो, पण लाकूड दाबलंच जात नाही. लोक मग कॉलर घासून आखूड करतात. तसं करू नका. कॉलर मापाची आहे, कमी पडलंय ते लाकूड. तेवढी जागा लाकडानेच भरून काढा.

दुसरं, नळीचं तोंड. पुलथ्रूची (नळी साफ करायच्या दोरीची) दोरी वर्षानुवर्षं एकाच बाजूला घासून ओढली असेल तर तोंडाशी कड झिजते. चिंधी लावून ओढताना दोरी नळीच्या सरळ रेषेत हवी. जुनी लष्करी काडतुसं कधी वापरलीत तर त्यांच्या टोपीतल्या (काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणाऱ्या प्रायमरमधल्या) क्षारामुळे नळी गंजते आणि तो क्षार तेलाने निघत नाही. आधी कढत पाणी ओता, नळी पूर्ण कोरडी करा, मग तेल.

लाकडाला कच्चं अळशीचं तेल हाताने चोळा, थोडं थोडं, जिरेल तसं. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

प्रतिसाद ३

घरी काडतुसं भरत असाल तर नळीचा व्यास मोजून घ्या. नाव .३०३ असलं तरी गोळी .३११ किंवा .३१२ इंचांची लागते आणि युद्धकाळातल्या नळ्या थोड्या मोठ्या निघतात. दोन खाचांची नळी मोजायला सोपी: मऊ शिशाची गोळी ठोकून आरपार काढा आणि साध्या मायक्रोमीटरने मोजा. पाच खाचांत समोरासमोर खाच येत नाही, तिथे हे जमत नाही. नळी सैल निघाली तर सपाट बुडाची गोळी वापरून बघा.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. पहिला दाब नाहीसा झालेला नाही, पण गन्समिथने पाहिल्याशिवाय आता गोळी झाडणार नाही. काका, तुम्ही सांगितलेली कॉलरची खूण जुळली. स्क्रू घट्ट लागतो आणि तरी लाकूड हाताने किंचित हलतं. कागदाची पट्टी मधे कुठेच अडकली नाही. टोकाशी मात्र काटा १२ पौंडांच्या पुढे गेला. खांद्यांच्या मागे भरायला काय वापरू? आणि हे झाल्यावर साइट पुन्हा लावावी लागेल का?

प्रतिसाद १

खांद्यांसाठी अक्रोडाची किंवा तत्सम कठीण लाकडाची पातळ चकती, रेषा उभ्या-आडव्या नीट बघून, दोन्ही बाजूंना सारख्या जाडीची. चिकटवण्याआधी स्पर्धेच्या नियमांतून एकदा खात्री करा. टोकाच्या लाकडाला आत्ता हात लावू नका. खांदे आणि कॉलरची जागा भरल्यावर लाकूड नळीखाली वेगळं बसतं, तेव्हा तो १२ चा आकडा बदलेल. मग पुन्हा मोजा.

साइट लावावीच लागेल. ३०० च्या छिद्रातून १०० यार्डांवर गोळी वर लागणं स्वाभाविक आहे, ती खाली आणायला पुढचं पातं उंच लागतं. पाती .०१५ इंचांच्या फरकाने मिळतात आणि एका पायरीने १०० यार्डांवर जवळपास दोन इंचांचा फरक पडतो. डावी-उजवी बाजू पुढचं पातं सरकवून: गोळी डावीकडे लागत असेल तर पातंही डावीकडेच. पातं विकत घेण्याआधी दहा गोळ्यांचा एक ग्रुप नव्या बैठकीवर झाडून इथे टाका, तो पाहून किती उंचीचं घ्यायचं ते सांगतो.