गुइलिन-यांगशुओचा एक दिवस : तुमचे अनुभव लिहा

दक्षिण चीनमधल्या ग्वांगशीत, गुइलिनपासून यांगशुओपर्यंत ली नदीच्या दोन्ही काठांना चुनखडीचे डोंगर सुटे सुटे उभे आहेत. ‘दक्षिण चीन कार्स्ट’ (कार्स्ट म्हणजे पाण्याने विरघळून घडलेला चुनखडीचा प्रदेश) या जागतिक वारशात २०१४ मध्ये गुइलिनचाही समावेश झाला. ग्वांगझौ-शेन्झेनला कामानिमित्त जाणाऱ्या आपल्या मंडळींना तिथं जेमतेम एक दिवस मिळतो. तो कसा घालवलात, काय मुद्दाम सोडलंत, हे सविस्तर लिहा. पुढच्यांना उपयोग होईल.

•

मी गुइलिन शहर सोडून थेट ली नदीकाठच्या शिंगपिंग गावाला गेले. बुलेट ट्रेनचं ‘यांगशुओ’ स्टेशन यांगशुओ गावात नाही, शिंगपिंगजवळ आहे, हे ध्यानात ठेवा. २० युआनच्या नोटेमागचं चित्र इथलंच. सगळे नोट हातात धरून फोटो काढतात, मीही काढला. पण नंतर काठाकाठाने चाललात तरच शिंगपिंग कळतं. एक आजोबा दोन पाणकावळे घेऊन बसले होते. पक्ष्याच्या गळ्याला दोरी बांधलेली. लहान मासा गिळता येतो, मोठा अडकतो आणि कोळी तो काढून घेतो. आता मासेमारीपेक्षा फोटोचे पैसे जास्त मिळतात. मी आनंदाने दिले.

•

एकच दिवस असेल तर मी म्हणेन, गुइलिनची रीड फ्लूट केव्ह बघाच. शाळेच्या भूगोलात वाचलेले लवणस्तंभ तिथं छतापासून जमिनीपर्यंत आहेत. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, चुनखडी विरघळवत झिरपतं आणि गुहेत थेंबाथेंबाने तोच चुना परत सोडतं. एका टोकाला लटकलेला थेंब मी कितीतरी वेळ बघत होतो, पडेचना! आपला सह्याद्री बेसॉल्टचा, त्यात अजिंठा-वेरूळ माणसाने छिन्नीने कोरलं. इथं सगळं काम पाण्याचं. भिंतींवर तांग काळापासूनचे शाईचे लेख आहेत, अगदी इ.स. ७९२ मधलाही. जांभळे-हिरवे दिवे मात्र मला अजिबात आवडले नाहीत. साध्या उजेडात दगडाचा खरा रंग दिसला असता.

•

दिव्यांबद्दल +१.

आम्ही आई-बाबांना घेऊन यांगशुओजवळच्या युलोंग नदीवर गेलो. ली नदीतले तराफे आता प्लास्टिक पाइपचे, मोटर लावलेले. इथं खरा बांबू आणि नावाडी काठीने रेटतो. मधे छोटे बंधारे लागतात, तिथं तराफा धप्पकन खाली उतरतो आणि पाय भिजतात. आई पहिल्या वेळी घाबरली, मग पुढचा बंधारा कधी येतो विचारायला लागली. तांदळाच्या शेवया जागोजागी मिळतात, पण रस्सा मांसाचा असतो. शाकाहारी असाल तर तसं फोनवर चिनीत लिहून ठेवा. आम्हाला भात आणि लसूण घालून परतलेली पालेभाजी छान मिळाली.

•

एप्रिल ते जून तिथं धो धो पाऊस. आम्ही मेमध्ये होतो. मागचे डोंगर गायब, पुढचे शाईसारखे काळे. मला तेच फार आवडलं. पण पाणी चढलं की तराफे बंद होतात, त्यामुळे आम्ही गुहाच पाहिली. हिवाळ्यात पाणी उतरतं. नदीच हवी असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर धरा, फक्त ऑक्टोबरचा पहिला आठवडा सोडून. तेव्हा राष्ट्रीय सुटीची प्रचंड गर्दी असते.