जर्मेनियम फझ, मे महिना आणि डब्यावरची चादर

एकाने विचारलंय की घरी बनवलेला जर्मेनियम फझ पेडल (गिटारचा आवाज खरखरीत करणारा, पायाने चालू-बंद करायचा डबा) हिवाळ्यात मस्त वाजतो पण मे मध्ये आवाज तुटक होतो, सोल्डरिंग चुकलंय का. बहुतेक नाही हो! जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा लीकेज करंट (नको असताना गळणारा प्रवाह) तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो नि बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरचं ठरवून दिलेलं व्होल्टेज, सरकतो, आणि आपल्या सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी पार असतो, पत्र्याखालच्या खोलीत तर विचारूच नका. मी सर्किटातल्या दोनपैकी दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला (त्याच्या तीन पायांपैकी एक) 20 के म्हणजे किलोओहमचा ट्रिमपॉट (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) टाकला, मीटर लावून तिथलं व्होल्टेज साडेचार व्होल्टच्या आसपास आणलं, म्हणजे 9 व्होल्टच्या बॅटरीच्या निम्मं, आता उन्हाळा लागला की फक्त तेवढं फिरवायचं. ही कटकट नको असेल तर सिलिकॉनचा बीसी 108 ट्रान्झिस्टर घ्या, आवाज जरा धारदार येतो, पण तो एनपीएन असतो, म्हणून आधीचा जर्मेनियम उलट्या ध्रुवाचा म्हणजे पीएनपी असेल तर बॅटरीची नि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची दिशा उलटी करायची विसरू नका.

आता पेडलचा डबा. ॲल्युमिनियमवर थेट रंग टिकत नाही, आधी सगळी भोकं पाडा, मग सँडपेपर, प्रायमर, मग स्प्रे. आणि लवकर वाळावा म्हणून उन्हात अजिबात ठेवू नका, वरची साय आधी धरते नि खाली फोड येतात, सावलीतच बरं. मी घरातल्या जुन्या चादरीवरचा मोर ग्राफ पेपरवर चौकट चौकट मोजून उतरवला, स्टेन्सिल कापलं, लाल रंगावर पांढरा मोर, वर क्लिअर लॅकरचे तीन पातळ हात. मोराच्या डोळ्यात एलईडी बसवलाय, पेडल ऑन केला की डोळा पेटतो, मला तर फार आवडतो तो!